स्वयंपाकघराच्या खिडकीची झडप

माझं माहेर सांगलीचं. खिडकी उन्हासाठी लावून घेतात, एवढंच मला माहीत होतं. लग्न होऊन महाबळेश्वरला आले आणि कळलं, इथे मे संपायच्या आत खिडक्या बाहेरून गवताच्या ताट्यांनी झाकून टाकतात. नाहीतर पाऊस आडवा घरात येतो. मग चार महिने भरदिवसाही दिवे लावायचे.

ताट्या सासरे स्वतः बांधायचे. तीन वर्षांपूर्वी ते शिडीवरून घसरले आणि कंबर धरून बसले ते बसलेच. तेव्हा माझ्या नवऱ्याने साताऱ्याहून एक कारागीर बोलावला. आतून दांडा फिरवला की उघडणाऱ्या झडपा तो बाहेरून बसवून द्यायचा.

त्याने चारही खिडक्या मोजल्या. एका खिडकीला सागवानी झडपेचे अठरा हजार, अ‍ॅल्युमिनियमचे अकरा. लोखंडी स्वस्त, पण इथल्या हवेत गंजणार, हे त्यानेच सांगितलं. नवऱ्याने अ‍ॅल्युमिनियम ठरवलं. मग कारागीर स्वयंपाकघरात आला, खिडकीतून खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "हितं खाली उतारच हाय. परांची बांधाय लागंल. त्याचे सात हजार वेगळे."

सासरे खाटेवरूनच म्हणाले, "ती खिडकी ऱ्हाऊ द्या. पत्रा ठोका कायमचा. मागं बघाय काय हाय? दरीच की."

नवऱ्यालाही ते पटलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. त्या स्वयंपाकघरात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

"या खिडकीचे अकरा आणि परांचीचे सात, सगळे अठरा मी देते. भिशीचे आहेत," मी म्हणाले.

"ते शिलाई मशीनचे हायत न्हवं?" नवऱ्याने विचारलं.

"मशीन पुढच्या वर्षी घेऊ."

वाद झाला नाही. कुणी कौतुकही केलं नाही. दोन दिवसांत काम उरकून कारागीर घाट उतरून गेला.

जुलैत एका दुपारी पाऊस थांबला. मी भाकरी थापत होते. सासूबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि दांडा फिरवला. समोरच्या कड्यावरून जागोजागी पाणी कोसळत होतं. त्या चौकट धरून पुढे वाकल्या. मग आत वळून हाक मारली, "आवं, हिकडं या जरा."

सासरे काठी टेकत आले.

"ह्ये एवढं पाणी आपल्या मागंच पडत हुतं व्हय?"

"मग? दर साली पडतंय की," ते म्हणाले. पण तिथून हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची मागितली.

दरीतून धुकं वर चढलं आणि चुलीपर्यंत आलं. पीठ ओलं होईल म्हणून मी झडप लावून घेतली.

"जरा थांबायचं हुतंस," सासूबाई म्हणाल्या.

मी पिठाचा डबा आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि झडप पुन्हा उघडली.