टोचणारा आला आणि मावशी उसात शिरली

गड्यांनो, आज डोकंच फिरलंय. राहुरीला निघालो होतो, वाटेत देवळालीला मावशीच्या वस्तीवर गुऱ्हाळ चालू दिसलं म्हणून रेंगाळलो. तेवढ्यात देवीच्या रोगाची लस टोचणारा आला. मावशी तान्ह्या नातीला घेऊन थेट उसात!

मी मागोमाग गेलो. म्हणाली, "हिच्या थोरल्या बहिनीला टोचलं, आन् दंडावर कोड उठलं. हिला न्हाई टोचू देनार."

"टोचल्यानंच उठलं कशावरून? शेजारच्या गावात देवीनं पोरं मरत्यात, मावशे!"

"मेली तर रडून मोकळी व्हईन. कोड आलं तर हिला करून कोन घेईल?"

टोचणारा निघून गेला. आता सांगा, तुमच्यातला कोण कोडाची मुलगी बायको करून घेईल? कुणीच नाही, तर मी मावशीला कोणत्या तोंडानं समजावू?