दुर्बीण कोणाच्या मानेने बसवावी

अण्णासाहेबांनी रायफल खांद्याला लावली, दुर्बिणीत डोळा घातला आणि काही क्षणांनी ती शांतपणे खाली घेतली.

"शास्त्रीबुवा, ही दुर्बीण बसवलीत की चूल फुंकायची फुंकणी? आत नुसता काळोख आहे."

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा, चेहरा पडला. ही भेट त्याची होती आणि चूक माझी.

मी पेठेत परवानाधारक बंदूक दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. बालपणी वेदपाठशाळेत शिकलो, पुढे सासऱ्यांच्या हाताखाली हे काम शिकलो. म्हणून गिऱ्हाईक मला शास्त्रीबुवा म्हणे. त्या वर्षांत आमच्या रस्त्यावर दर दोन दुकानांआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि माझ्याकडे येणारी माणसे बहुतेक साठीच्या पुढची होती.

अण्णासाहेब त्यांतले. कोथरूडला राहत. त्यांची शिकारीची लांब पल्ल्याची रायफल वडिलोपार्जित. शिकार कायद्याने बंद झाल्यापासून ते तिने केवळ क्लबच्या रेंजवर कागदी टार्गेटवर नेम धरीत. परंतु नजर मंदावली. नळीवरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा लोखंडी काटा, पुसट दिसू लागला. दिवाळीनंतर परवाना परत करतो, असे सांगून त्यांनी रायफल साफसफाईसाठी माझ्याकडे जमा केली होती.

मिलिंद अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. पंधरा दिवसांच्या रजेवर येताना त्याने दुर्बीण आणली आणि एकटाच दुकानात आला.

"अण्णांना विचारलंत?" मी म्हटले.

"सरप्राइज आहे, काका. लहानपणी त्यांच्याबरोबर रेंजवर जायचो. माझ्या कानात कापूस घालून मग ते पहिली गोळी झाडायचे. जायच्या आधी एकदा त्यांना टार्गेट स्वच्छ दिसलेलं मला बघायचंय. पुढची रजा कधी मिळेल, सांगता येत नाही."

माझाही मुलगा त्याच वर्षी बंगळुरूला गेला होता. मी पुढे काही विचारले नाही. तेच चुकले.

दुर्बीण बसवण्याचे काम दिसते तेवढे अवघड नसते. रायफलीच्या पाठीवर बेस नावाची पट्टी स्क्रूने आवळतात. तिच्यावर दोन रिंगा आणि रिंगांत दुर्बिणीची नळी. आत दिसणारी नेमाची फुली सरळ उभी आहे का, ते स्पिरिट लेव्हल लावून पाहावे. स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळावे. हे सर्व मी यथासांग केले. राहिला आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि मागचे भिंग यांतील अंतर. या दुर्बिणीला ते साडेतीन इंच हवे होते. जास्त झाले तर चित्राभोवती काळे कडे दाटते. कमी झाले तर गोळीच्या धक्क्याने भिंग भुवईवर आदळते. ते अंतर मी मिलिंदच्या खांद्याला रायफल देऊन ठरवले. मान लांब, पाठ ताठ, वय तिशीचे.

अण्णासाहेबांची मान आखडलेली होती. ती पुढे जातच नसे.

त्यांनी दुर्बिणीला फुंकणी म्हटले तो दिवस खंडेनवमीचा. माझे पाने, स्क्रू ड्रायव्हर, कानशी पाटावर हळदकुंकू लावून मांडलेले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी आठला क्लबच्या सेक्रेटरींनी रेंज खास उघडून देण्याचे कबूल केले होते, आणि दुपारी मिलिंदची मुंबईची गाडी होती.

"काका, चार स्क्रू सैल करायचेत. अर्ध्या तासाचं काम," मिलिंद म्हणाला.

"आज त्या हत्यारांना विश्रांती असते, मिलिंद. मी कधी हात लावलेला नाही."

"अहो, पण उद्या मी..."

"गप्प बस," अण्णासाहेब म्हणाले. "त्यांचा देव, त्यांचं दुकान. तुमच्या ऑफिसात नाही का सर्व्हर बंद असला की सगळे चहा पीत बसतात?"

मी म्हटले, "पहाटे पाचला उत्तरपूजा करतो. साडेपाचला या. पण अण्णासाहेब, आज दुपारपर्यंत आपण इथेच बसा."

दुकानाची हत्यारे पाटावर असल्यामुळे मला केवळ मापच घेता येत होते. अण्णासाहेबांना टेबलाशी बसवले. रायफल रिकामी होती, गोळी आत सारणारा बोल्टही काढलेला. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेका, मान सुखावेल तिथे थांबवा, आता डोळे उघडा. दरवेळी मी भिंगापासून डोळ्यापर्यंत दोरा धरला. दहा वेळा. रेंजवर घालतात तो कोट अंगावर चढवून पुन्हा दहा वेळा. अंतर जवळजवळ पाच इंच भरले. म्हणजे दुर्बीण दीड इंच मागे हवी; तिच्या नळीवर तेवढी पेन्सिलीने खूण केली. पेन्सिल पूजेत नव्हती.

पहाटे उत्तरपूजा करून पाना उचलला आणि दुर्बीण खुणेपर्यंत मागे आणली. पाऊण तास लागला.

रेंजवर अण्णासाहेबांनी बराच वेळ नुसते पाहिले. मिलिंदने कानांत कापूस घातला.

"दिसतंय का, अण्णा?"

"कागदाच्या कोपऱ्यातली टाचणीसुद्धा."

पहिल्या दोन गोळ्या फुलीची दिशा जुळवण्यात गेल्या. नंतरच्या पाचांपैकी तीन काळ्या वर्तुळात. उरलेल्या दोन बाहेर गेल्या, त्याला दुर्बिणीचा इलाज नाही. मिलिंदने तो कागद घडी न घालता गुंडाळला आणि तिकिटाच्या पाकिटाबरोबर हातात धरून गाडीत बसला.

अण्णासाहेबांनी परवाना परत केला नाही. दर सहा महिन्यांनी ते दुकानात येत. मान आणखी आखडलेली असे. मी दोरा धरी आणि दुर्बीण किंचित मागे घेई. मिलिंद अमेरिकेतून दुकानाच्या फोनवर विचारी, "काका, या वेळी किती सरकवली?" पाव इंच म्हटले की तो पुढच्या रजेचा हिशेब मांडू लागे. तिसऱ्या वर्षी दुर्बिणीच्या नळीवर आणखी मागे सरकवायला जागा उरली नाही. हे मी त्याला त्या वेळच्या फोनवर सांगितले नाही. त्याने इकडे यायचे तिकीट काढल्याचे कळवल्यावर सांगितले.

या धंद्यात मी नवख्यांना एवढेच सांगत आलो: ज्याला पाहायचे आहे, त्यालाच बोलवा आणि त्याचेच माप घ्या. आणि ते माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या.