पन्नास कोंबड्या

"पन्नास कोंबड्या झाल्या की गिरणी सोडून घरी येतो," असं आमचे हे म्हणाले होते. लग्नाला तिसरं वर्ष होतं. शिमग्याची रजा संपवून ते मुंबईला निघाले होते, पडवीत ट्रंकेला दोरी बांधत होते. बोलणं काही हवेतलं नव्हतं. दर आठवड्याला मिरकरवाड्याहून एक अंडीवाला आमच्या वाडीत यायचा, भाताच्या तुसात अंडी रचून टोपली बंदरावर न्यायचा, आणि बोटीने ती मुंबईला जायची. कातळाकडेच्या आमच्या तुकड्यातली नाचणी जेमतेम पौषापर्यंत पुरायची. पन्नास कोंबड्या असत्या तर उरलेलं वर्ष दोघांचं निघालं असतं.

तेव्हा आमच्याकडे चार कोंबड्या नि एक कोंबडा. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तरी मी लगेच खुराडं वाढवून घेतलं.

सासू आधीच वारली होती, मूल नव्हतं. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मी कोंबड्यांशी बोलायचे. खुडूक कोंबडी पेंढा घातलेल्या पाटीत अंड्यांवर बसली की एकवीस दिवस मीही तिच्या शेजारी बसून जेवायचे. तिला माझी काही गरज नव्हती. मला तिची होती, हे सांगायला आता लाज कसली?

पिलं व्हायची, पण पन्नास काही होईनात. घार एखादं न्यायची, मुंगूस दोन न्यायचं. त्यांनाही पोट आहे. खरी खोट यायची ती घरच्या माणसाच्या येण्याने. चाकरमानी आला की वडे-सागोती हवीच, नाहीतर वाडी तोंडात शेण घालील. हे यायचे तेही एकटे नाहीत, खोलीवरचे दोन-तीन सोबती बरोबर. गावच्या राखणदार देवाला कोंबडा निराळा. आठ दिवसांत सात-आठ पाखरं जायची. हे रस्सा भुरकत "झकास झालाय गो" म्हणायचे, आणि मी मनात राहिलेल्या मोजायचे. पण वाढायचे हसतमुखाने, कारण घर भरलेलं असायचं ते तेवढेच आठ दिवस. मग बोट जायची नि पडवी पुन्हा रिकामी.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी हे गणपतीला आले नाहीत, शिमग्यालाही नाहीत. रजा मिळत नाही, असं पत्र आलं. मी फार रडले. चैत्रात एके सकाळी खुराडं उघडलं आणि सहज मोजायला लागले. एकावन्न भरल्या. कुणी आलंच नव्हतं, म्हणून कुणाला कापलंही नव्हतं.

मला चौथीपर्यंतचं अक्षर येत होतं. त्याच दिवशी पत्र लिहिलं, "एकावन्न झाल्या. आता या." ह्यांच्यासाठी एक तांबडा कोंबडाही बाजूला बांधून ठेवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. खुशाली होती, आणि खाली एकच ओळ, "शंभर होऊ देत, मग बघू."

ते कार्ड मी दोनदा वाचलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. त्यांना यायचंच नव्हतं, शंभर झाल्या काय नि हजार झाल्या काय. राग आला तो त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

तांबडा कोंबडा बगलेत मारला आणि शेजारच्या चुलत सासऱ्यांकडे गेले. आमच्यात बायका सुरी चालवत नसत.

"कोन पावना आलाय गो?" त्यांनी विचारलं.

"कोन नाय," मी म्हटलं. "मलाच खायाचाय."

म्हाताऱ्याने हात पुढे करून कोंबडा घेतला. मग सुरी घेऊन तो परसात गेला.

मी वडे तळले, वाटप वाटलं, पाट मांडला आणि भर दुपारी एकटीने जेवले. कुणासाठी थांबले नाही. हात धुऊन आल्यावर पातेल्यात बघितलं, तर दोन्ही तंगड्या तशाच होत्या. त्या नेहमी ह्यांच्या असायच्या, आणि वाढून घेताना माझ्या हाताने त्या आपोआप वगळल्या होत्या.