काहूनमामांची मोकळी जागा

आमच्या बाजारात एक मामा होते. त्यांना "राम राम" म्हटलं तरी ते म्हणायचे, "काहून?" म्हणजे, कशाला? खरंच सांगते! म्हणून सगळे त्यांना काहूनमामाच म्हणायचे. खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "नाव सांगितलं का माणूस सापडते."

आमचं गाव नागपूरला लागूनच. गावाच्या ऐन मध्यात मैदान आणि तिथं दर सोमवारी बाजार. मामा बैलांचे कासरे, विहिरीचे दोर विकायचे आणि त्यांच्या बाजूला माझी आई हळद-तिखट. कोणाची जागा कोणती हे कुठंच लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं बसतो म्हणून आपली, बस!

गिऱ्हाईकावरही मामांचा संशय. "एवढा लांब दोर? विहीर तर आटली तुही. काहून पायजे?" गिऱ्हाईक हसायचं आणि दोर घेऊनच जायचं. एकदा आईला ताप होता, तर तिचं दुकानही मामांनीच सांभाळलं. संध्याकाळी पाहतो तर सगळा माल जसाच्या तसा! "चिमूटभर हलू नाही देलं," मामा छाती काढून म्हणाले. आईनं कपाळावर हात मारला. "भाऊ, इकाले ठेवलं होतं जी!"

मग एका सोमवारी एक पोरगा तिपाई घेऊन आला आणि मैदान मोजायला लागला.

"काहून मोजून राहिला गा?"

"सर्वे आहे काका, नुसता."

"नुसता कोणी उन्हात उभा राहते का?"

दोनच दिवसांत भोंगा फिरला. मैदानाचा विकास होणार, पुढच्या सोमवारी पाहणी. कोण कुठं बसतं ते लिहून घेतील, आधार कार्ड घेऊन बसा. आई तर खूश. पण मामांनी प्रत्येक दुकानापुढं जाऊन सांगितलं, "आज नाव लिहितीन, उद्या नोटीस देतीन. त्या दिवशी कोणी बसूच नोका." आणि लोकांनी ऐकलं! कारण खरं सांगायचं तर संशय सगळ्यांनाच होता. त्या सोमवारी सगळा बाजार शाळेमागच्या गल्लीत. मैदानावर एक कुत्रं. वर ड्रोन घिरट्या घालून गेला आणि मामा गालात हसले.

काही महिन्यांनी चौकात नकाशा लागला. मी पळतच गेले. आमच्या मैदानावर लिहिलं होतं, 'मोकळी जागा'. त्यावर तीन मजली कॉम्प्लेक्स, पार्किंग, कारंजं, गोरी गोरी माणसं. एकही टोपली नाही. मी मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "घ्या भाऊ, लपवा अजून!" आमच्या समोर बसणारी मिरचीवाली तर मामांशी बोलेचना. मामांनी त्या दिवशी एकही दोर मांडला नाही.

पण बाजारवाल्यांनी नकाशावर हरकत घेतली, तेव्हा सुनावणीला सगळ्यात आधी तेच येऊन बसले. साहेब म्हणाले, "पाहणीच्या दिवशी तिथं कोणीच नव्हतं." मामा उठले. "साहेब, जागा मोकळी नोहती. म्या मोकळी केली. हे लोकं माह्या बोलण्यावर गेले. यांची चूक नाही."

"नाव?"

मामांनी दाराकडं पाहिलं. मला वाटलं, गेले आता. पण ते घसा खाकरून म्हणाले, "गुलाब. लिहा, गुलाब."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. मिरचीवालीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप्पच झाला.

पाहणी परत झाली. त्या दिवशी ज्यांचं दुकान नव्हतं तेही पोतं टाकून बसले! शेवटी ठरलं, पुढं कॉम्प्लेक्स आणि मागं बाजारवाल्यांना ओटे. मैदानाला पत्रे ठोकले, बाजार नाल्याकडं गेला. तिथं कासरे कोण विचारतं? मामा नरखेडकडं पोरीच्या गावी निघाले. एसटीत बसताना मला म्हणाले, "बाई, इश्वास ठेव. पण हात लावून पाहून ठेव."

परवा पत्र्याच्या फटीतून ओटे दिसले. मी सरळ आत घुसले. चौकीदार ओरडला, "काय करून राहिली वं?"

"पाहून राहिली!"

सिमेंट सुकलेलं होतं. गुळगुळीत, मस्त. फोटो काढावासाही वाटला. मग मी वर चढले आणि आई बसते तशी मांडी घालून बसले. दोन्ही गुडघे ओट्याच्या बाहेर. पुढं तिखटाची पाटी ठेवायला वीतभर जागा नाही.

तिथूनच मामांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं मोटरचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"तू कुठी हाय आता?"

"ओट्यावरच."

"उठू नोको तिथून," मामा म्हणाले. "मी येऊन राहिलो."