कलगोंडाची वेगळी यादी

निपाणीच्या एका प्रेसमध्ये मी प्रुफं वाचतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. कलगोंडाची चूक मात्र माझ्या नाकासमोर होती आणि मला दिसली नाही.

कलगोंडा आमचा अक्षरजुळणीवाला. हाताला सफाई, स्वभाव काटेरी. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी कॉम्प्युटरवरचे फॉन्ट बदलले आणि त्याची एक लग्नपत्रिका बिघडली. तेव्हा त्यानं चिडून सगळ्यांच्या सामाईक यादीचा नाद सोडला आणि आपल्या लॉगिनपुरती फॉन्टची वेगळी यादी केली. "माझ्या अक्षराला कुणी हात लावायचा न्हाय," म्हणाला. आम्ही हसलो. पुढं तो स्वतःच ते विसरून गेला.

यंदा त्याच्या आईनं, चंपाबाईनं, सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी कमी करत देह ठेवायचं जैन व्रत. पंच्याऐंशीची म्हातारी. अन्न सोडलं, दूध सोडलं, नुसत्या पाण्यावर आली. तंबाखूच्या रानात राबता राबता तिनं जन्मभर पदं रचली होती, एक ओळ मराठी, एक ओळ कन्नड. त्यांचं पुस्तक डोळे मिटायच्या आत तिच्या हातात द्यायचं, एवढंच कलगोंडाच्या डोक्यात होतं. तीही म्हणाली होती, "एकदा हातात घिऊन बघू दे रं."

सोमवारी पानं लावली. मराठी ओळी सुरेख आल्या, कन्नडच्या जागी रिकामे चौकोन. आमच्याकडं कन्नड जुळणी करणाऱ्या सौम्यानं तो फॉन्ट सामाईक यादीत घातलेला होता. तिच्या लॉगिनवर तीच पानं स्वच्छ दिसत होती.

"अण्णा, हितनंच छापूया की," ती म्हणाली.

"माझ्या आईचं पुस्तक हाय. माझ्या हातानंच लावणार."

मंगळवारी सकाळपासून त्यानं तोच फॉन्ट सामाईक यादीत पुन्हा पुन्हा घातला. दहादा, बारादा. मशीन बंद केलं, चालू केलं. चौकोन जाईनात. दुपारी घरून बायकोचा, दिव्याचा, फोन आला की आत्तींचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज खोल गेलाय. मी त्याला शिव्या घातल्या, सौम्याच्या लॉगिनवरून काढ म्हणून. ऐकेल तर शपथ. मला त्याचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

संध्याकाळी सौम्यानं सहज विचारलं, "अण्णा, तुम्ही कधी आपल्यापुरती यादी केली हुती काय?"

त्याला सहा वर्षांपूर्वीची ती लग्नपत्रिका आठवली. सॉफ्टवेअर आधी त्याची खासगी यादी बघायचं, आणि ती असली की सामाईक यादीकडं ढुंकूनही बघायचं नाही. यादी पुसली. मिनिटभरात कन्नड अक्षरं उमटली. पण छपाईवाला परशराम पाचच्या गाडीनं कोल्हापूरला गेला होता, आणि प्रिंटरवरची सुटी पानं न्यायला कलगोंडा तयार होईना.

बुधवारी पहाटे परशराम परतल्यावर छापून, शिवून दहाला आम्ही पुस्तक घेऊन घरी पोचलो. चंपाबाई चटईवर पडली होती. कलगोंडानं पुस्तक पुढं धरलं. तिनं ते नीट बघितलं, पण हात पदराखालीच राहिले.

"काल आणलं असतंस तर घेतलं असतं रं," ती हळू म्हणाली. "आज सकाळी मुनी महाराजांम्होरं सगळ्याचा त्याग केला. चटई आन् लुगडं सोडून कशाला शिवायचं न्हाय. ते आता माझं न्हाय. वाट लोकांस्नी."

"नुसता हात लाव गं, आई."

तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेर पायरीवर तो पुस्तक मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "सौम्या सोमवारीच म्हनत हुती." खरं तेच होतं.