झुंबरतात्यांची चाती

माझा भाऊ सोपान रागावला की आधी त्याचे कान लाल होत आणि मग तो गप्प होई. इतर पोरं आरडाओरडा करतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. हा गप्प झाला की मात्र मी भ्यायची. आमचा बापही असाच गप्प व्हायचा. तसाच गप्प होऊन त्यानं चराईच्या भांडणात एकाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली आणि येरवड्याच्या तुरुंगात गेला. तिथंच वारला.

आणे जाऊन नवे पैसे यायच्या आदल्या हिवाळ्यात सोपाननं भिगवणच्या बाजारात एकाचा गळा धरला. लोकांनी ओढून काढला म्हणून तो माणूस वाचला. आई त्याच पावली त्याला झुंबरतात्यांच्या अंगणात घेऊन गेली. मीही मागोमाग गेले, कारण घरी एकटी बसायची माझी छाती नव्हती.

झुंबरतात्या आमच्या डाळजच्या धनगरवाड्यातले. वाळक्या बाभळीसारखे, बोलणं कमी आणि जे काय ते टोचणारं. मोजकी मेंढरं राखायची आणि चालता-बसता चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, लोकर कातायची, एवढाच त्यांचा उद्योग. गावातली माथेफिरू पोरं ते जवळ बसवून घेत. "तात्यानं वांडांची शाळा काढली," म्हणून गाव हसायचं. हसणाऱ्यांची स्वतःची पोरंही तिथंच बसलेली असायची, ते सोडा.

तात्यांनी सोपानच्या हातात चाती दिली. "राग आला की ही काढायची. हात थरथरला की सूत तुटतंय. हातभर सूत न तुटता निघालं, की मग जा आन् काय करायचं ते कर."

"आन् तवर?"

"तवर बसायचं. आनखी एक. दुसऱ्याचं सूत तुटलं आन् त्यानं सांधून मागितलं, तर हातातलं टाकून द्यायचं सांधून. भाकर आसली तरी टाकायची." लोकरीचा धागा सांधायला दोन्ही टोकं तळहातांत धरून चोळावी लागतात. एक हात अडकलेला असला तर ते जमत नाही.

सोपान फणकारला, "मला काय म्हातारा समजता व्हय?"

"न्हाय. तुझा बाप समजतो. म्हणून भ्या वाटतंय."

"तुमाला? कुणाचं भ्या?"

तात्या कातत राहिले.

सोपान कातायला शिकला. चाती त्याच्या कमरेला दिसू लागली आणि आईला झोप लागू लागली. मला नाही लागली. मी आपली त्याच्या कानांकडं बघत राहायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी सोपान आमची आणि तात्यांची मेंढरं एकत्र घेऊन गेला होता. मी भाकरी घेऊन निघाले. वाटेत गेणबा माळ्याचा वांग्यांचा मळा लागतो. मी तिथं पोचले तेव्हाच कळपातली तात्यांची काळी मेंढी त्यात शिरली. तात्यांच्या बायकोनं शेवटच्या आजारपणात अंथरुणावरून हातानं दूध पाजून ती जगवली होती. बायको गेल्यावर तात्यांना घरात या मेंढीचीच सोबत. गेणबानं हातातलं खोरं घातलं ते नेमकं मेंढीच्या डोक्यात बसलं. ती जागेवर मेली.

सोपाननं पाला तोडायची कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली. त्याचे कान लाल झाले होते आणि तो गप्प होता. गेणबा मागं सरत विहिरीच्या काठाला टेकला. मला वाटलं, आता बापाचा दिवस पुन्हा उगवला.

सोपान बांधावर बसला. कुऱ्हाड बाजूला टाकली आणि चाती काढली. सूत तुटलं. त्यानं पुन्हा धरलं, पुन्हा तुटलं. मी भाकरीचं फडकं तोंडात कोंबून रडले. वाचला, माझा भाऊ वाचला.

तेवढ्यात शेजारच्या माळावरून तात्या आले. त्यांनी मेंढी पाहिली. तिच्याजवळ बसले, तिच्या कानाला हात लावला. मग उठले आणि गप्पच बांधाकडं आले. म्हाताऱ्याचे कान लाल झाल्याचं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बांधावरची कुऱ्हाड उचलून ते विहिरीकडं वळले.

सोपान धावत त्यांच्या आडवा उभा राहिला. तुटक्या सुताची दोन्ही टोकं त्यानं पुढं धरली.

"तात्या, सूत तुटलंय. सांधून द्या."

तात्यांनी त्याला बाजूला सारलं. तो पुन्हा आडवा आला.

"तात्या, मी मागतोय न्हवं."

तात्यांनी त्या टोकांकडं पाहिलं. मग कुऱ्हाड खाली पडली. त्यांनी टोकं तळहातात घेतली, पण हात इतके कापत होते की सांधा धरेना. शेवटी सोपाननं आपल्या हातांत म्हाताऱ्याचे हात घेतले आणि चोळले.

"तू इचारलं हुतंस, भ्या कुणाचं," तात्या म्हणाले. "ह्या हातांचं, लेका. तुझ्यायेवढा हुतो तवापास्नं."

गेणबानं पुढं पंचांसमोर चूक कबूल केली. तात्या पुढंही वांडांना कातायला शिकवत राहिले, सोपान त्यांच्या शेजारी बसून. माळावर जाताना मात्र कुऱ्हाड सोपानच्या खांद्यावर असायची. तात्यांच्या हातात चाती द्यायची आठवण तोच ठेवायचा.