बंद केलं मी बटण

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर रेंज नंतर विचारा. आधी घरात बटणं बंद करत फिरणारं कोणी आहे का ते बघा.

आमच्याकडे सासरे आहेत. आज त्यांनाच साताऱ्याला न्यायचं होतं, त्यांच्या आजारी थोरल्या भावाला भेटायला. सकाळी मी पार्किंगमध्ये गेले, तर गाडी जेमतेम पाव चार्ज झालेली.

"अगं, काल शतपावलीला उतरलो तर चार्जिंगचं बटण चालूच. बंद केलं मी," बाबा म्हणाले. वर चेहरा असा, की मीच आभार मानावेत.

मग हायवेवरच्या चार्जरवर रांग. बाबा सारखे विचारत होते, "झाली का गं?" चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

पोहोचलो तेव्हा काका वाट बघून बघून, औषध घेऊन झोपले होते. काकू म्हणाल्या, "उठवू नका." बाबा उशाशी बसून राहिले. आम्ही निघेपर्यंत काका काही उठले नाहीत.

परतताना बाबा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी त्या बटणावर एक पाटी लाव."

पाटीवर काय लिहू, सांगा. सकाळी बरंच काही सुचत होतं. आता काहीच सुचत नाहीये.